यीवूतली ‘नुसती सही’

प्रश्न एका मामांचा आहे. त्यांचा भाचा २६ वर्षांचा, डोंबिवलीचा, चिनी भाषेचा कोर्स केलेला. मशीद बंदरच्या एका आयातदारासाठी दोन वर्षं यीवूला, म्हणजे चीनमधल्या घाऊक बाजाराच्या शहराला, ये-जा करतोय. खेळणी, दिव्यांच्या माळा, गणपतीच्या मखराला लागणारी प्लास्टिकची फुलं, असला माल. आता त्या मालकाला यीवूत स्वतःची कंपनी काढायची आहे आणि तिचा ‘लीगल रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणून भाच्याचं नाव घालायचं आहे. महिन्याला २५ हजार जास्त देणार. ‘नुसती सही आहे रे, बाकी सगळं मी बघतो,’ असं मालक म्हणतो. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, चीनमध्ये कायदा नाही, मानवी हक्क नाहीत, पोरगं अडकलं तर सोडवणार कोण? भाचा म्हणतो, हे सगळं टीव्हीवरचं, तिथली कोर्टं आपल्यापेक्षा झटपट चालतात. मामा विचारतात, खरं कोणाचं? आणि वेळ आलीच तर भारत सरकार काय करू शकतं?

मी फोर्टमध्ये वकिली करते. २२ वर्षं आयात-निर्यातीचे करार आणि ते फिसकटल्यावरची भांडणं हेच काम, त्यातलं निम्म्याहून जास्त चीनशी. मी चिनी वकील नाही. तिथल्या कायद्यावर अधिकृत मत तिथला परवानाधारक वकीलच देऊ शकतो. त्यामुळे खालचं सगळं वाचून निर्णय घेऊ नका, त्या वकिलाला काय विचारायचं ते ठरवा.

तुमची बहीण आणि भाचा, दोघांचंही बरोबर आहे. भाचा बोलतोय व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातल्या दाव्याबद्दल, ताई बोलताहेत सरकारशी गाठ पडण्याबद्दल. या दोन ठिकाणी चिनी कायदा अगदी वेगळा वागतो. आणि मालक जिला नुसती सही म्हणतोय, ती सही माणसाला पहिल्या प्रकारातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवू शकते. तुमचा खरा प्रश्न हा आहे.

आधी भाच्याची बाजू घेते. चीनची नागरी संहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. १२६० कलमं, करार, मालमत्ता, वारसा, लग्न, सगळं एका पुस्तकात. व्यापारी दाव्यात कोर्ट करार वाचतं आणि निकाल देतं. साध्या दाव्याचा पहिला निकाल सहा महिन्यांत लागावा अशी मुदत कायद्यातच आहे. (भाच्याला बहुधा हे माहीत नसेल की पक्षकार परदेशी असला तर ही मुदत लागू होत नाही.) हांगझोऊ शहरात २०१७ पासून ऑनलाइन व्यवहारांच्या तंट्यांसाठी इंटरनेट कोर्ट आहे. खुद्द यीवूत २०१३ पासून परदेशी व्यापाऱ्यांच्या तंट्यांसाठी मध्यस्थी समिती आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या देशांचे व्यापारीच मध्यस्थ म्हणून बसतात.

माझ्याकडे एक अशील आले होते, आकाशकंदिलातल्या एलईडी माळांचा कंटेनर घेऊन. उघडला तर तिसरा हिस्सा माळा पेटेचनात, आणि दिवाळी दीड महिन्यावर. करार इंग्रजीत, दोन पानी, खाली कोणाची तरी लफ्फेदार सही. मी विचारलं, शिक्का कुठाय? चीनमध्ये कंपनी बोलते ती शिक्क्यातून. लाल, गोल, मधोमध पाच टोकांचा तारा, कडेनं कमानीत कंपनीचं चिनी नाव, तळाला बारीक आकडे. सुदैवानं प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर, तो होता. पण त्यावरचं नाव करारातल्या नावाशी जुळत नव्हतं. कारखाना एकाचा, पैसे घेणारी ट्रेडिंग कंपनी दुसऱ्याची. ही नावं जुळवण्यात तीन आठवडे गेले. मग तिथल्या वकिलानं चिनी भाषेत, आपल्या फर्मचा शिक्का मारून नोटीस काढली आणि महिनाभरात ४० टक्के रक्कम परत आली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. ‘तिथे कायदाच नाही’ म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

आता त्या सहीकडे येऊ. लीगल रिप्रेझेंटेटिव्हला चिनीत ‘फादिंग दायब्याओरेन’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘फारेन’. ऐकायला ‘फॉरेन’सारखं लागतं आणि आपली मुलं फॉरेनची पोस्ट समजूनच हुरळतात. आपल्याकडच्या ऑथोराइज्ड सिग्नेटरीशी याची गल्लत करू नका. आपल्याकडे कंपनी ठराव करून चौघांना सहीचा अधिकार देते आणि पुढच्या ठरावात काढून घेते. तिथे नोंदलेला फारेन असतो, त्याचं नाव व्यवसाय परवान्यावर छापलेलं असतं आणि त्यानं कंपनीच्या नावानं केलेला व्यवहार कंपनीला बांधतो. मालकानं आतून काय मर्यादा घातल्या होत्या हे विश्वासानं व्यवहार करणाऱ्या समोरच्या माणसावर लादता येत नाही.

कंपनीचं कर्ज सहसा फारेनच्या खिशातून वसूल होत नाही. मालक ‘जबाबदारी नाही’ म्हणतो ते एवढ्यापुरतं खरं आहे. पण कंपनीनं निकालाचे पैसे भरले नाहीत की कोर्ट आधी ज्याचं नाव काढतं तो हाच. त्याला विमानाचं तिकीट मिळत नाही, बुलेट ट्रेनचं मिळत नाही, तारांकित हॉटेलात उतरता येत नाही. अशा बुडव्यांना तिथे ‘लाओलाय’ म्हणतात आणि ही बंधनं कंपनीसोबत तिच्या फारेनवरही येतात. शिवाय तो परदेशी असेल तर देश सोडण्यावर बंदी येऊ शकते.

या बंदीचा कायदा कुठे आडबाजूला लपलेला नाही. देशात येण्या-जाण्यासंबंधीचा कायदा २०१२ साली झाला, १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्याच्या २८व्या कलमात लिहिलंय की परदेशी माणसाला देश सोडता येणार नाही, जर तो फौजदारी गुन्ह्यातला आरोपी किंवा संशयित असेल, जर त्याच्यासंबंधीचा दिवाणी दावा निकाली लागला नसेल आणि कोर्टानं तसं ठरवलं असेल, किंवा कामगारांचा पगार थकवला असेल आणि सरकारी खात्यानं तसं ठरवलं असेल. म्हणजे दावा हरायचीही गरज नाही. हा माणूस गेला तर वसुली अवघड होईल एवढं कोर्टाला पटलं की झालं. आणि बंदीची नोटीस घरी येतेच असं नाही. माझ्या एका अशिलाला शांघायच्या विमानतळावर कळलं. पासपोर्ट स्कॅन झाला, काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता कोणाला तरी फोन लावला आणि त्याला बाजूच्या खोलीत बसवलं. बॅगा विमानात चढल्या होत्या, त्या परत खाली उतरवल्या. त्यानं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सगळे अगदी सौजन्यानं वागत होते, पाणी विचारत होते, आणि उत्तर एकच होतं, ‘कोर्टाला विचारा.’

यीवूचाच दाखला हवा असेल तर २०११ चा डिसेंबर आठवा. तिथल्या एका ट्रेडिंग कंपनीचा मालक पुरवठादारांचे पैसे बुडवून परागंदा झाला आणि चिडलेल्या पुरवठादारांनी कंपनीत नोकरी करणाऱ्या दोन भारतीयांना धरून ठेवलं. दोघेही मालक नव्हते. त्यांना सोडवायला शांघायच्या भारतीय कॉन्सुलेटमधले एक अधिकारी कोर्टात गेले, तर जमावानं त्यांनाही बाहेर पडू दिलं नाही. हे अधिकारी मधुमेही. तासन्‌तास अन्न नाही, औषध नाही. ते तिथेच कोसळले आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. जानेवारी २०१२ मध्ये आपल्या वकिलातीनं भारतीय व्यापाऱ्यांना यीवूपासून लांब राहायचा सल्ला दिला. हे सगळं त्या वेळी आपल्या पेपरांत पहिल्या पानावर होतं.

या प्रकरणातली एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कर्जवसुलीसाठी माणसाला डांबून ठेवणं हा चिनी फौजदारी कायद्यातही गुन्हाच आहे. २३८व्या कलमात तसं सरळ लिहिलंय. पण ‘हा पैशाचा तंटा आहे’ असं म्हणून स्थानिक पोलीस बाजूला उभे राहिले तर ते कलम पुस्तकातच राहतं. आपल्याकडे पोलीस ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणतात, त्याचंच हे भावंड म्हणा.

दुसरं प्रकरण आयर्लंडच्या एका माणसाचं. विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा हा अधिकारी फेब्रुवारी २०१९ मध्ये कामासाठी शांघायला गेला. भानगड त्याच्या कंपनीच्या चिनी अध्यक्षाची होती, आणि तीही हा नोकरीला लागण्याआधीची. तरी हा घरी पोचला जानेवारी २०२२ मध्ये. तुरुंगात एक दिवस नाही, आरोपपत्र नाही. फक्त देश सोडायचा नाही. अशा अडकलेल्या माणसाचा व्हिसा संपत येतो, पगार बंद होतो, घरभाडं चालू राहतं. तो मोकळा फिरत असतो, त्यामुळे बाहेरच्यांना ही कैद वाटत नाही.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडेही लुकआउट सर्क्युलर, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवायची सूचना, असतंच की. अगदी बरोबर, आणि मी त्याविरुद्ध भांडले आहे. सरकारी बँकांच्या प्रमुखांना कर्जदाराविरुद्ध असं सर्क्युलर काढायला सांगण्याचा अधिकार केंद्रानं दिला होता. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती तरतूदच रद्द केली. परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो हे मनेका गांधी खटल्यापासून, म्हणजे १९७८ पासून पक्कं झालेलं आहे आणि त्याच पायावर हा निकाल उभा राहिला. फरक नीट बघा. आपल्याकडेही माणूस विमानतळावर अडतो, पण मी चर्चगेटपासून दहा मिनिटं चालत जाऊन विचारू शकते की मुळात हा नियमच चालतो का. यीवूचा वकील बंदी उठवण्यासाठी अर्ज करू शकतो, हमी भरू शकतो, वरच्या कोर्टाकडे फेरविचार मागू शकतो. नियम घटनेविरुद्ध आहे म्हणून रद्द करा, असं मागण्याची जागा मात्र त्याच्याकडे नाही.

कारण चिनी कोर्टं राज्यघटनेवरून निकाल देत नाहीत. घटनेत हक्क भरपूर आहेत. ३५व्या कलमात भाषण, मुद्रण, सभा, मिरवणूक, निदर्शनं, ३७व्यात व्यक्तिस्वातंत्र्य, २००४ मध्ये ३३व्या कलमात ‘राज्य मानवी हक्कांचा आदर करते आणि त्यांचं रक्षण करते’ हे वाक्यही घातलं. पण घटनेचा अर्थ लावायचा तो राष्ट्रीय जनकाँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, स्थायी समितीनं. एकदा दार किलकिलं झालं होतं. शानडोंग प्रांतातली एक मुलगी १९९० मध्ये परीक्षा पास झाली, पण तिच्या नावावर दुसरीच मुलगी कॉलेजात गेली, शिकली, नोकरीला लागली. नऊ वर्षांनी उघड झालं. २००१ मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयानं म्हटलं की घटनेनं दिलेल्या शिक्षणाच्या हक्काचा भंग झालाय, भरपाई द्या. वकील मंडळी हरखली. आता एकेक हक्क असाच कोर्टात येणार, असं वाटलं. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयानं तो अभिप्राय मागे घेतला. २०१७ च्या जानेवारीत तर तिथले सरन्यायाधीश झोऊ छियांग यांनी न्यायालयाचं स्वातंत्र्य आणि सत्ताविभाजन या पाश्चात्त्यांच्या चुकीच्या कल्पना असल्याचं जाहीरच सांगितलं.

म्हणून सरकारवर दावाच करता येत नाही असं समजू नका. ‘मिन गाव ग्वान’, म्हणजे रयतेनं अधिकाऱ्यावर केलेला दावा, १९९० पासून कायद्यानं चालतो. बेकायदा दंड, जमीन, परवाना अशा बाबतींत लोक जिंकतातही. विशिष्ट अधिकाऱ्याच्या विशिष्ट कृत्याबद्दल तक्रार चालते. पण मुद्दा धोरणापर्यंत, कम्युनिस्ट पक्षापर्यंत पोचू लागला की तिथून पुढे कायद्याचं पुस्तक हातात असून उपयोग नाही.

यात सुन झिगांग प्रकरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. हा २७ वर्षांचा डिझायनर २००३ मध्ये ग्वांगझोऊत रस्त्यावर पकडला गेला, कारण तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नव्हता. खेड्यातून शहरात आलेल्यांना पकडून परत धाडायची तेव्हा पद्धत होती. कोठडीत मारहाण होऊन तो मेला. तीन तरुण कायदेपंडितांनी स्थायी समितीला पत्र लिहिलं की हे नियम घटनेशी विसंगत आहेत. जूनमध्ये सरकारनं नियम मोडीत काढले, घटनेचं नाव न घेता. त्या तिघांपैकी एक शु झियोंग. पुढे ते नागरी हक्कांची चळवळ चालवू लागले आणि एप्रिल २०२३ मध्ये राज्यसत्ता उलथवण्याच्या आरोपाखाली त्यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात, जुलै २०१५ मध्ये, सुमारे ३०० वकील आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली होती. तिथल्या वकिलाचा परवाना न्याय खात्याच्या वार्षिक तपासणीतून जातो. म्हणून माझ्या ओळखीचे तिथले उत्तम व्यापारी वकील ‘संवेदनशील’ शब्द ऐकला की नम्रपणे दुसऱ्याचा नंबर देतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना पुढच्या वर्षीही ऑफिस उघडायचं असतं.

इथवरचं थोडक्यात सांगते. माल, पैसे, गुणवत्ता यांच्या भांडणात तिथला कायदा कामाचा आहे. सरकारनं किंवा कोर्टानं तुमच्या अंगावर हात टाकला की तुमच्याकडे अर्ज उरतो, आव्हान उरत नाही. आणि फारेनच्या बाबतीत कोर्ट दिवाणी दाव्यातही अंगावर हात टाकू शकतं.

आता भारत सरकार. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं ११वं कलम सांगतं की नुसती करारातली देणी फेडता आली नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये. १२वं सांगतं की प्रत्येकाला कोणताही देश सोडता यावा. भारत १९७९ मध्ये या कराराचा सदस्य झाला. चीननं ऑक्टोबर १९९८ मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. (सह्यांवरून आठवलं म्हणून सांगते, ‘नुसती सही’ राष्ट्रांच्याही असतात.) प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की १२व्या कलमाला अपवाद आहेत, त्यामुळे मान्यता दिली असती तर भाच्याची बंदी आपोआप उठली असती असं नाही. पण निदान कारण पुरेसं आहे का, बंदी गरजेपेक्षा जास्त आहे का, हे विचारायला मोजपट्टी मिळाली असती.

वाणिज्यदूतांसंबंधीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम मात्र चीनलाही बांधील आहे. आपला माणूस अटकेत गेला आणि त्यानं मागणी केली तर आपल्या कॉन्सुलेटला विनाविलंब कळवायचं, अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यायचं. हेच कलम कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात गाजलं. जुलै २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्ताननं या कलमाचा भंग केल्याचं १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं, आणि त्या पंधरांत चीनच्या न्यायाधीश श्वे हानचिन होत्या. तेव्हापासून मला लोक विचारतात, चीनविरुद्धही हेगला जाता येईल ना? नाही. पाकिस्तानला तिथे ओढता आलं कारण व्हिएन्ना कराराच्या तंट्यांसाठीचा वेगळा ऐच्छिक पूरक करार दोघांनीही स्वीकारलाय. चीननं तो स्वीकारलेला नाही, आणि १९७२ पासून त्या न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्रही मानत नाही. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राचा निवाडा विरुद्ध गेला तेव्हा ‘आम्ही मानत नाही’ म्हणून मोकळा झाला, तो तर समुद्राच्या करारात सदस्य असताना.

मग उरते ती मुत्सद्देगिरी, आणि ती कायद्याच्या नव्हे, संबंधांच्या घड्याळावर चालते. १ डिसेंबर २०१८ ला कॅनडानं अमेरिकेच्या विनंतीवरून हुआवे या चिनी टेलिकॉम कंपनीच्या बड्या अधिकारी मंग वानझोऊ यांना व्हँकूव्हरला अटक केली. १० डिसेंबरला चीनमध्ये मायकेल कोवरिग आणि मायकेल स्पेवर हे दोन कॅनेडियन पकडले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मंग सुटल्या त्याच दिवशी हे दोघे सुटले. चीननं संबंध नाकारला. तारखा तुम्हीच जुळवा. आपलं उदाहरण घ्यायचं तर, गलवाननंतर भारत-चीन थेट विमानं सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. त्या काळात माझ्या कामात एरवी दोन दिवसांत येणारं उत्तर तीन आठवड्यांनी यायचं. आणि सरकारंही हिशेब करतात. शिनजियांगमधल्या उइगुरांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अहवाल ऑगस्ट २०२२ अखेरीस आला. त्यावर नुसती चर्चा घ्यावी हा ठराव ऑक्टोबरमध्ये १७ विरुद्ध १९ मतांनी पडला, ११ देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. मला ती तटस्थता आवडली नव्हती. पण सीमेवर सैन्य समोरासमोर असताना दिल्ली कोणत्या प्रश्नावर किती ताणेल, याचा अंदाज तुमच्या बहिणीला यावा म्हणून सांगितलं.

व्यवहारात आपली कॉन्सुलेट (यीवू झेजियांग प्रांतात, म्हणजे शांघायच्या हद्दीत) भेटायला जाते, घरी कळवते, वकिलांची यादी देते, गरजू असेल तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून मदत करू शकते. ती कोर्टाला हुकूम देऊ शकत नाही आणि मालकाचं कर्ज फेडत नाही.

फौजदारी बाजू वेगळी आणि जास्त गंभीर आहे. पुरवठादारांना पैसे मिळाले नाहीत की ते पोलिसांत ‘कराराच्या नावाखाली फसवणूक’ अशी तक्रार करतात. निर्यातीवरचा कर-परतावा खोट्या ‘फाप्याओ’वर, म्हणजे बनावट कर-बिलांवर, उचलला गेला तर तोही गुन्हा. रीतसर अटकेला मंजुरी मिळण्याआधी पोलीस काही प्रकारच्या प्रकरणांत ३७ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शकतात आणि खटला उभा राहिला की निर्दोष सुटणारे हजारात एखादेच. राष्ट्रीय सुरक्षेच्या आरोपात सहा महिने अज्ञात जागी ‘निवासी देखरेख’ असते. माळा विकणाऱ्या मुलाचा तिच्याशी संबंध यायचं कारण नाही. तरी हेरगिरीविरोधी कायदा जुलै २०२३ पासून रुंदावलाय, तेव्हा बंदरांचे फोटो, लष्करी गाड्यांचे व्हिडिओ असले उद्योग नकोत. आणि खेळण्यांत पृथ्वीगोल असतील तर ऑर्डर घेताना दहा वेळा विचार करा. २०१९ मध्ये छिंगदाओच्या कस्टम्सनं सीमा ‘चुकीची’ दाखवणारे जवळजवळ ३० हजार नकाशे नष्ट केले होते. त्यांना चालणारा नकाशा आपल्या कायद्यात गुन्हा, आपल्याला चालणारा त्यांच्या. सीमावाद व्यापाऱ्याला असा भेटतो.

माझं मत विचारलंत तर भाच्यानं यीवूला जरूर जावं, नोकरी करावी, भाषा पक्की करावी. फारेन होऊ नये. किती धोका आहे हे मालकाच्या वागणुकीवर आहे. पुरवठादारांना आगाऊ पैसे देऊन माल उचलणारा असेल तर कमी. साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणारा असेल तर खूपच जास्त. मालकाला एकच विचारा, तू स्वतः फारेन का होत नाहीस? परदेशी मालकाला तशी बंदी नाही. ‘मला सारखं यावं लागेल’ असं उत्तर आलं तर तेही फारसं खरं नाही.

तरी व्हायचंच असेल तर शिक्का कोणाच्या कपाटात राहणार हे आधी लिहून घ्या, दर तिमाहीला पुरवठादारांच्या थकबाकीचा हिशेब मागा, आणि मालक व त्याची मुंबईची कंपनी दोघांकडून नुकसानभरपाईचं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर घ्या. त्या हमीपत्रानं पैसे मिळतील, विमानात बसता येणार नाही, हे ध्यानात ठेवून घ्या. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कंपनी कायद्यात एक दिलासा आहे. ज्या संचालक किंवा व्यवस्थापक पदामुळे माणूस फारेन झाला, त्या पदाचा राजीनामा दिला की फारेनपणही सुटलं असं मानतात आणि कंपनीनं ३० दिवसांत दुसरा नेमायचा असतो. पूर्वी मालक ढिम्म हलला नाही की नाव काढायला दावा लावावा लागे. अजूनही नोंदणीवरचं नाव बदलेपर्यंत बाहेरच्यांना तुम्हीच दिसता, तेव्हा राजीनामा ईमेल, कुरिअर आणि वीचॅट तिन्हीकडून द्यावा.

व्हिसा तपासा. व्यापारी भेटीच्या एम व्हिसावर तिथल्या कंपनीत नोकरी चालत नाही. झेड व्हिसा, वर्क परमिट आणि वास्तव्याचा परवाना लागतो. बेकायदा कामाला ५ ते २० हजार युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही. हॉटेलऐवजी भाड्याच्या घरात राहिला तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद. आणि कंपनीचे पैसे स्वतःच्या बँक खात्यातून फिरवू देऊ नये. यीवूत कोणाच्या तरी ऑनलाइन फसवणुकीचा पैसा साखळीतून खात्यात येतो आणि हजार किलोमीटरवरच्या प्रांतातले पोलीस खातं गोठवतात. ते सोडवायला त्या प्रांतात खेटे घालावे लागतात.

हे सगळं पुढचं. आज रात्री जेवताना भाच्याला एवढंच विचारा: मालकाला पासपोर्टची कॉपी दिलीस का, कोऱ्या कागदावर सह्या दिल्यास का, आणि फोनवर चेहरा दाखवून कुठे ‘व्हेरिफिकेशन’ केलंस का? उत्तर हो असेल तर कंपनीचं नेमकं चिनी नाव मिळवा. तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणीच्या संकेतस्थळावर ते टाकलं की फारेनचं नाव दिसतं. आमच्या ऑफिसात एका मुलानं असं नाव शोधलं तेव्हा तो अकरा महिन्यांपासून फारेन होता.